तालुक्याची मानसिक आरोग्य ओपीडी: ऊसतोडीला जाणाऱ्या रुग्णांचा फॉलोअप कसा बसवायचा?

डोंगरपट्टा:

नमस्कार. मराठवाड्यातल्या एका डोंगरी तालुक्यात आमची छोटी संस्था आहे. इथल्या ग्रामीण रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक महिन्यातून एकदा येतं. मनोविकारतज्ज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका असे तिघे. सकाळी दहा ते दोन ओपीडी. दीडेकशे केसपेपर आहेत. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलरचे बरेच, त्याखालोखाल नैराश्य आणि आकडी.

दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या हलायला लागतात आणि निम्मे रुग्ण साखर कारखान्याच्या भागात जातात, ते गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येतात. जाताना महिन्याची गोळी नेतात. ती संपली की पुढं काहीच नाही. एप्रिलमध्ये बरेच जण पुन्हा पहिल्या दिवसासारखे आजारी होऊन येतात.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. या पाच महिन्यांची सोय कशी लावावी? औषधांचा साठा दर तिसऱ्या महिन्याला अडकतो, मागणी कशी काढावी? आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर म्हणतात, ही औषधं तज्ज्ञांनीच लिहावीत, आशाताई म्हणतात, यात आमचं काम काय. त्यांना नेमकं काय सांगावं?

केसपेपर:

तुमचं दुखणं बहुतेक तालुक्यांचं आहे. महिन्यातून चार तास तज्ज्ञ येऊन बसणं म्हणजे शहरातली ओपीडी गावाजवळ आणणं. त्यानं एसटीचं भाडं वाचतं, पण उपचार टिकतो तो उरलेल्या २९ दिवसांत कोण काय करतं यावर. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. त्यानंतर बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात जो प्रयोग केला त्याचा गाभा हाच होता: नेहमीचे रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी सांभाळायचे, जिल्ह्याच्या पथकानं त्यांना शिकवायचं आणि अडलेले रुग्ण बघायचे. १९९६ मध्ये चार जिल्ह्यांत जिल्हा कार्यक्रम सुरू झाला तो त्याच्याच आधारावर. पुढं अनेक ठिकाणी शिकवणं मागं पडलं आणि शिबिर तेवढं राहिलं.

आता वहीबद्दल. ओपीडी रजिस्टरमध्ये आलेल्यांची नोंद असते, न आलेल्यांची नसते. म्हणून दुसरी वही ठेवा. एका रुग्णाला एक ओळ, आडवे बारा महिन्यांचे बारा रकाने. आला की तारीख लिहायची, आला नाही तर रकाना कोरा. दुपारी दोन वाजता पथक गाडीत बसण्याआधी कोऱ्या रकान्यांची यादी करायची आणि तज्ज्ञांसमोरच तिच्यावर खुणा करून घ्यायच्या. तांबडी खूण कुणाला, तर लांब मुदतीचं इंजेक्शन चालू आहे, लिथियम (बायपोलरचं औषध) चालू आहे, गेल्या सहा महिन्यांत जिवाचं बरंवाईट करण्याचा प्रयत्न झालाय, नुकतीच बाळंत झालेली आहे किंवा आकडीच्या गोळ्या चालू आहेत अशांना. आकडीची गोळी एकदम बंद पडली तर लागोपाठ झटके येऊन जीव जाऊ शकतो. तांबड्या खुणेला तीन दिवसांत फोन आणि आठवड्याच्या आत घरभेट. बाकीच्यांना पुढच्या ओपीडीच्या चार दिवस आधी फोन पुरतो.

फोन नंबर दोन घ्या. एक घरातल्या माणसाचा, दुसरा गावातच राहणाऱ्या नातलगाचा, कारण टोळीबरोबर गेलेला मोबाईल सिमकार्डासकट बदलतो. दोन्ही नंबरांवर काय बोललेलं चालेल हे रुग्णाला आधी विचारून केसपेपरवर लिहून ठेवा. ‘रुग्णालयातून बोलतोय, तारीख चुकली’ एवढंच. आजाराचं नाव फोनवर नको.

ऊसतोडीसाठी सगळ्यात उपयोगी पडते ती निघण्यापूर्वीची जादा ओपीडी. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, पथकाशी दोन महिने आधी बोलून ठरवा. त्या दिवशी फक्त जाणारे बोलवायचे. प्रत्येकाकडून कारखाना, टोळीचं तळ जिथं पडतं तो तालुका आणि परतीचा अंदाजे महिना लिहून घ्यायचा. सोबत एका पानाचं बदलीपत्र द्यायचं: निदान, औषधांची मूळ नावं (कंपनीची नव्हे), मात्रा, शेवटच्या इंजेक्शनची तारीख, पुढची तारीख, कोणत्या औषधानं पूर्वी त्रास झाला आणि आपल्या पथकाचा नंबर. ते प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून द्या, कोपीत (तळावरच्या झोपडीत) पावसानं आणि दवानं कागद टिकत नाही. त्याचा फोटो रुग्णाच्या आणि नातलगाच्या मोबाईलमध्ये ठेवा. आणि त्याच आठवड्यात, कारखाना ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या पथकाला यादी पाठवा. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सगळीकडे जिल्हा रुग्णालयात असं पथक असतं. नाव गेलं नसेल तर रुग्ण तिथं नवीन म्हणून उभा राहतो आणि पहिल्याच दिवशी त्याचा खाडा जातो.

वडाची_सावली:

औषधांच्या निवडीबद्दल लिहितो. ही निवड तज्ज्ञांचीच, पण ‘हा माणूस ऊसतोडीला जाणार’ हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं, कारण त्यानं निवड बदलते.

फडावरचं, म्हणजे उसाच्या शेतातलं काम पहाटे सुरू होतं आणि गाडी भरायला रात्री कधीही उठावं लागतं. रात्री दहाला ओलान्झापिन किंवा अमिट्रिप्टिलिन अशी गुंगीची गोळी घेतलेला माणूस तीन वाजता उठू शकत नाही. मग तो गोळी टाकून देतो आणि विचारलं तर ‘घेतो की’ म्हणतो. गोळी संध्याकाळच्या जेवणाबरोबर, सातच्या सुमारास दिली किंवा कमी गुंगीच्या औषधावर आणलं तर ती चालू राहते. नैराश्यासाठी फ्लुओक्सेटिन २० मिलिग्रॅम सकाळी एक, हे अशा रुग्णांना सोयीचं पडतं. ते शरीरात बरेच दिवस टिकतं, त्यामुळे एखादा दिवस चुकला तर लगेच त्रास होत नाही. दोन-तीन महिन्यांचा साठा द्यायचा असेल तेव्हा जादा घेतल्यास काय होईल याचाही विचार लागतो. अमिट्रिप्टिलिन किंवा लिथियमच्या बऱ्याच गोळ्या एकदम घेतल्या तर घातक ठरतं. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न झालेल्यांना त्यांचा मोठा साठा हातात देऊ नये. दिलाच तर सोबतच्या माणसाकडे, आठवड्याच्या पुड्या बांधून.

लिथियमबद्दल जरा सविस्तर, कारण ऊसतोडीत त्यानं सगळ्यात जास्त घात होतो. रक्तातली पातळी ०.६ ते १.० मध्ये हवी, १.५ च्या वर विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. घाम जाऊन पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि तीच मात्रा जास्त होते. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात ऊस तोडताना नेमकं हेच घडतं. त्यात कंबरदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतलं जातं, त्यानंही पातळी चढते. अंगदुखीला पॅरासिटामॉल, एवढं एक वाक्य घरच्यांकडून पाठ करून घ्या. हात मोठे थरथरू लागले, उलट्या-जुलाब झाले, झोकांड्या जाऊ लागल्या, बोलणं जड झालं, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात.

पातळीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घ्यायचं. रात्री आठला गोळी घेतली तर सकाळी आठला, सकाळची गोळी न घेता. नमुना साध्या, लाल झाकणाच्या नळीत घ्या. हिरव्या झाकणाच्या काही नळ्यांत लिथियम हेपरिनच असतं, त्यात घेतलं तर पातळी खोटी जास्त येते आणि चांगली चाललेली मात्रा उगीच कमी केली जाते. ही चूक वारंवार होते. दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि थायरॉइडची तपासणी, जाण्यापूर्वी एकदा नक्की. तपासणीची काहीच सोय होणार नसेल तर हंगामापुरतं दुसरं औषध चालेल का हे तज्ज्ञांना ऑगस्टमध्येच विचारा, निघायच्या आदल्या दिवशी बदल करता येत नाही. मूल होण्याच्या वयातल्या बाईला लिथियम काढून व्हॅल्प्रोएट देणं हा तोडगा नव्हे, गर्भावर त्याचे परिणाम गंभीर असतात.

लांब मुदतीचं इंजेक्शन, म्हणजे फ्लुफेनाझिन डेकॅनोएट २५ मिलिग्रॅम, २ ते ४ आठवड्यांनी एक. स्किझोफ्रेनियाच्या ज्या रुग्णाची गोळी फडावर चुकतेच त्याला हे सोयीचं, अर्थात त्याची संमती असेल तर. पहिल्यांदा देताना १२.५ ची चाचणी मात्रा द्यायची आणि ४ ते ७ दिवस बघायचं. म्हणून सुरुवात जुलै-ऑगस्टमध्येच हवी. औषध तिळाच्या तेलात असतं. सुई आणि सिरिंज कोरडी लागते, ओलावा लागला तर तेल गढूळ होतं. २१ नंबरची सुई, कुल्ल्याच्या स्नायूत खोल, हळू, आणि नंतर चोळायचं नाही. कुपीला फ्रिज लागत नाही, फक्त उजेड आणि ऊन टाळायचं. त्यामुळे ती रुग्णासोबत जाऊ शकते आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रातली परिचारिका बदलीपत्र बघून देऊ शकते. मान किंवा डोळे एका बाजूला ओढले गेले तर घाबरायचं नाही, प्रोमेथाझिन स्नायूत दिलं की सुटतं. पण ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि भान हरपलेलं असं तिन्ही दिसलं तर मोठ्या रुग्णालयात, वाट न बघता.

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांचं म्हणणं: ठरलेल्या रुग्णाची ठरलेली मात्रा पुढं चालू ठेवायला एमबीबीएस डॉक्टरला कायद्याची आडकाठी नाही. अडतं ते भीतीनं. ‘तुम्ही लिहा’ असं नुसतं सांगून ती जात नाही. पथकानं ओपीडीच्या दिवशी त्यांना शेजारी बसवून दहा स्थिर रुग्ण त्यांच्याकडूनच लिहून घ्यावेत आणि प्रत्येक केसपेपरवर तीन ओळी लिहाव्यात: कशात बदल करायचा नाही, काय दिसलं तर फोन करायचा, कधी परत पाठवायचं. निम्हान्सच्या डिजिटल अकादमीचं वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठीचं प्रशिक्षणही घरबसल्या करता येतं. नवीन रुग्णाला झोपेची गोळी म्हणून क्लोनाझेपाम महिनोन्‌महिने लिहिली जाते, ते मात्र तिथंच थांबवायला हवं. दोन ते चार आठवड्यांपलीकडे सवय लागते.

औषधभांडार:

साठा दर तिसऱ्या महिन्याला का अडकतो ते आधी बघा. मागणी बहुधा गेल्या वर्षीच्या वाटपावरून काढतात. ज्या महिन्यात औषध नव्हतं त्या महिन्याचं वाटप शून्य दिसतं, सरासरी खाली येते, पुढच्या वर्षीची मागणी आणखी कमी जाते आणि तुटवडा दर वर्षी वाढतो. म्हणून मागणी वाटपावरून काढायची नाही, नोंदलेल्या रुग्णांवरून काढायची.

उदाहरण घ्या. स्किझोफ्रेनियाची रिस्पेरिडोन २ मिलिग्रॅम, ४० रुग्ण, रोज दोन गोळ्या. दिवसाला ८०, महिन्याला २४००. तीन महिन्यांचे ७२०० आणि एका महिन्याची शिल्लक २४००, मिळून ९६००. शिल्लक २४०० च्या खाली येण्याची वाट न बघता ४८०० वर आली की मागणीपत्र पाठवायचं, कारण माल यायला वेळ लागतो. तुमच्याकडे सप्टेंबरचा खप नेहमीच्या दुप्पट-तिप्पट होणार, जाणाऱ्यांना एकदम देणार म्हणून. तो आकडा जूनच्या मागणीतच वेगळा दाखवा आणि ‘स्थलांतरित रुग्णांसाठी आगाऊ’ असं कारण लिहा, नाहीतर जिल्ह्याच्या भांडारात तो चूक समजून कापला जातो. ई-औषधी या औषधसाठ्याच्या सरकारी संगणक प्रणालीत वाटपाची नोंद त्याच दिवशी पडायला हवी. कागदावर वाटलं आणि संगणकात नंतर भरलं की प्रणालीला साठा भरपूर दिसतो आणि पुरवठा येत नाही.

ट्रायहेक्सीफेनिडिल, म्हणजे अंग आखडू नये म्हणून मूळ औषधासोबत द्यायची गोळी, विसरू नका. मूळ औषध असतं आणि हे नसतं, मग अंग आखडतं आणि रुग्ण दोन्ही सोडतो. पुरवठादार बदलला की गोळीचा रंग बदलतो. हे खिडकीवर तोंडानं सांगा आणि जुनं पाकीट शेजारी ठेवून दाखवा. अगदीच खंड पडला तर रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून स्थानिक खरेदी करता येते, ठराव आधीच करून ठेवा. आणि हा उपकाराचा विषय नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १८ नुसार आवश्यक यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वर सर्व काळ मोफत उपलब्ध असली पाहिजेत. मागणीपत्रात हे कलम लिहिलं की कागद लवकर हलतो.

आशा_प्रशिक्षण:

आशाताईंना निदान करायला लावू नका, त्यांचं काम ओळखणं आणि जोडून देणं एवढंच. तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा सीबॅक फॉर्म (आजारांच्या प्राथमिक चाचपणीचा) त्या भरतातच. त्यात मनाबद्दल दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला नाही का, आणि उदास, निराश वाटलं का. गुण ३ च्या वर गेले तर समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठवायचं, तिथं नऊ प्रश्नांची पूर्ण प्रश्नावली होते, एकूण २७ गुण, १० पासून मध्यम नैराश्य धरतात. नववा प्रश्न मरणाच्या विचाराचा आहे. एकूण गुण कितीही कमी असोत, त्याला ‘हो’ आलं तर त्याच दिवशी डॉक्टर. अशा घरात कीटकनाशकाची बाटली कुठं आहे हे विचारून ती कुलपात किंवा दुसऱ्याच्या ताब्यात द्यायला लावणं, एवढं आशाताई करू शकतात आणि त्यानं जीव वाचतो.

या फॉर्मची मोठी फट अशी की तो तिशीपासून सुरू होतो. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर बहुतेकदा त्याच्या आधीच दिसू लागतात. म्हणून तरुणांसाठी त्यांना वेगळं सांगून ठेवा: रात्र रात्र झोप नाही, एकटाच बोलतो, घरच्यांवर संशय घेतो, आंघोळ आणि जेवण सुटलंय, एकाएकी कामधंदा सोडला. यातलं काही दोन आठवडे टिकलं तर कळवायचं. आणि बाळंतीण. बाळंतपणानंतरच्या ठरलेल्या गृहभेटी त्या करतातच, तेव्हा बाळाच्या वजनाबरोबर आईची झोप विचारायची. बाळ झोपलं तरी हिला झोप येत नसेल तर ती धोक्याची खूण आहे.

नैराश्याच्या प्रत्येकाला गोळीच लागते असं नाही. गोव्यात ‘संगत’ संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून ६ ते ८ बैठकींचा उपचार करून पाहिला, तोही बऱ्यापैकी तीव्र नैराश्यात, आणि त्याचा फायदा झाल्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. पद्धत साधी: आठवड्याला एक बैठक, तीस-चाळीस मिनिटं. माणसानं सोडून दिलेल्या गोष्टींपैकी एक छोटी निवडायची, दिवस-वेळ ठरवून ती करायची, पुढच्या वेळी कसं वाटलं ते तपासायचं. ‘मन घट्ट करा’ असा उपदेश त्यात कुठंच नाही. नक्कल करणारे नेमका देखरेखीचा भाग गाळतात. तिथं बैठकींचं रेकॉर्डिंग, संमतीनं, गटात ऐकून एकमेकांना सुधारलं जायचं. तुमच्या संस्थेकडे दोन कार्यकर्त्या असतील तर हे जून ते सप्टेंबर करा, तेव्हा माणसं गावात असतात.

डोंगरपट्टा:

सगळ्यांचे आभार. दोन उपप्रश्न. मुकादमाचा, म्हणजे टोळी नेणाऱ्याचा नंबर घ्यावा का? टोळीत निरोप पोचवणारा तोच असतो. आणि एका वस्तीवर घरच्यांनी तरुण मुलाला गोठ्यात साखळीनं बांधून ठेवलंय. आई-बाप ऊसतोडीला जातात, म्हाताऱ्या आजीला तो आवरत नाही. पोलिसांना सांगावं का?

केसपेपर:

मुकादमाचा नंबर घ्या, पण ‘तळ कुठं पडलंय’ एवढंच विचारण्यासाठी, तेही रुग्णानं लेखी हो म्हटलं तर. त्याला आजार सांगू नका. उचल (आगाऊ रक्कम) देताना जोडीतला एक आजारी आहे हे कळलं तर त्यांचा कोयताच, म्हणजे जोडीचं कामच, नाकारला जाऊ शकतो.

साखळीचं: मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९५ नं साखळदंडानं बांधण्यावर पूर्ण बंदी आहे. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या आगीत साखळीनं बांधलेले २८ जण जळून गेले, ते त्यांना पळताच आलं नाही म्हणून. तरी सुरुवात पोलिसांपासून नको. आजी दुष्ट नाही, तिच्याकडे दुसरा उपाय नाही. आई-बाप गावात असतानाच वैद्यकीय अधिकाऱ्यांना घेऊन वस्तीवर जा. जिवाला धोका असेल तर कलम ९४ खाली कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचा उपचार ७२ तासांपर्यंत देऊ शकतो आणि त्यात रुग्णालयात नेणंही येतं. रुग्णानं नेमलेला किंवा कायद्यानं धरलेला प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. दाखल करावं लागलं तर कलम ८९, एका वेळी ३० दिवसांपर्यंत. घरच्यांनी दाद दिली नाही आणि हाल चालूच राहिले, तर कलम १०१ प्रमाणे पोलीस ठाण्याला कळवा, त्यांनी दंडाधिकाऱ्यांना अहवाल द्यायचा असतो.

साखळी सुटल्यावरचे पहिले सहा आठवडे कठीण जातात. इंजेक्शन, आठवड्याला एक घरभेट आणि आजीसोबत दिवसा थांबणारं कुणीतरी, हे आधी जुळवून मगच हात घाला. आई किंवा बाप यांपैकी एकानं या हंगामात मागं राहणं जमेल का ते बोला. अर्ध्या कोयत्याची मजुरी बुडते, म्हणून दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्ज आत्ताच भरा. ४० टक्क्यांच्या वर आलं की संजय गांधी निराधार योजनेसाठी अर्ज करता येतो आणि एसटीच्या तिकिटातही सवलत मिळते.

वडाची_सावली:

त्या मुलाला बरेच दिवस पोटभर जेवण मिळालेलं नसेल तर औषध सुरू करण्याआधी वजन, हिमोग्लोबिन, साखर आणि साखळीच्या जागेच्या जखमा बघून घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल. मात्रा निम्म्यापासून सुरू करायची का, हे पथकाला जाण्यापूर्वीच फोनवर विचारा. रात्री-अपरात्री काही झालं आणि तज्ज्ञ लागले नाहीत तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतून बोलता येतं. तो बदलीपत्राच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात छापा, फडावर गेलेल्यांनाही तोच कामी येईल.